पहिलं गाणं घरी रेकॉर्ड करावं की स्टुडिओत?

घरात पेटी आहे, तबला आहे, आत्या किंवा आजोबा गाणं शिकवतात, आणि आता तुम्ही स्वतः शब्द लिहून चाल बांधली आहे. अशा घरातल्या मुलामुलींनी पैशांच्याही आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: या गाण्यात गळा आणि तबला एकमेकांकडे बघत चालणार आहेत का? चालणार असतील तर स्टुडिओ. गाणं गिटार किंवा कीबोर्डवर बेतलेलं असेल तर घर पुरतं.

एकाच खोलीत दोघं बसले की तबला गळ्याच्या माईकमध्ये शिरतो. मग दुसऱ्या अंतऱ्यातली एक ओळ बेसूर झाली, तरी तेवढीच बदलता येत नाही, कारण तिच्या मागे तबला चिकटलेला असतो. स्टुडिओत साथीदार काचेपलीकडे बसतो, नजरानजर राहते आणि दोन्ही ट्रॅक स्वच्छ मिळतात. घरी एकेकाने वाजवायचं, म्हणजे क्लिक, लय धरून ठेवणारी हेडफोनमधली टिकटिक, आलाच. मैफलीत मुरलेला हात क्लिकवर अवघडतो. मुखड्याकडे येताना लय किंचित पुढे सरकते, समेनंतर जरा विसावते, आणि टिकटिक नेमकं तेच होऊ देत नाही. त्यावर चालणारा उपाय असा: क्लिकऐवजी केरव्याच्या आठ मात्रांचा साधा ठेका लूप करून हेडफोनमध्ये द्या. आधी गाणाऱ्याने त्यावर कच्चा ट्रॅक गावा, मग तबला घ्यावा आणि शेवटी त्या तबल्यावर खरा गळा. हा क्रम उलटला की गाणं ताठ वाटतं.

घरच्या पेटीची परीक्षा पहिल्या दिवशीच घ्या. फोनवर ट्यूनर लावून मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवा. 440 हर्ट्झ आलं तर उत्तम. जुन्या पेट्या पुष्कळदा थोड्या चढ्या असतात. 444 दिसलं तर पेटी जवळजवळ 16 सेंट चढी आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सहावा भाग. एकटी वाजताना हे कुणाच्या कानाला टोचणार नाही, पण कीबोर्डचा लांब स्वर शेजारी ठेवला की दोन्हींत लाटा ऐकू येतात. पेटी जागच्या जागी उतरवता येत नाही. म्हणून कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमधली वाद्यं 444 वर आणा, गिटार आणि तानपुराही तिथेच लावा, आणि हे सगळं पहिला ट्रॅक घेण्याआधी करा. स्टुडिओतली पेटी 440 ला असली तर हा घोळ वाचतो. मात्र वर्षानुवर्षं ज्या पेटीवर तुमचा गळा घडला, तिचा रंग तिथे मिळत नाही. आमचं मत घरच्या पेटीच्या बाजूने आहे. ती स्टुडिओत न्या, माईक वरून दीड फुटावर आणि भात्यापासून लांब ठेवा.

तबल्याला हवा बाधते. पावसाळ्यात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते आणि स्वर उतरतो. एसीच्या खोलीत ती सुकू लागली की चढतो. स्टुडिओत पोचल्यावर तबला अर्धा तास तसाच ठेवा, मग मिळवा. ही अर्ध्या तासाची घाई केली तर मुखडा एका स्वरात आणि शेवटचा अंतरा दुसऱ्यात, असं होतं.

गळा तबल्यासोबतच घ्यायचा नसेल तर तो मात्र घरीच घ्यावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. घड्याळ चालू नसतं, मंगळवारी न जमलेली ओळ गुरुवारी जमते. बहुतेक जण माईकच्या मागे फोम चिकटवतात. समोरून ऐकणाऱ्या माईकला मात्र गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. कापसाच्या दोन गाद्या तुमच्या पाठीमागे उभ्या करा, एखादी गोधडी बाजूला टांगा. माईक तोंडापासून वीतभर, मध्ये ‘प’, ‘फ’चा फटका अडवणारा पॉप फिल्टर. रेकॉर्डिंगचं सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. तारसप्तकातली सगळ्यात जोरकस ओळ गाऊन पातळी उणे 10 डेसिबलच्या वर जात नाही ना, ते बघा. मैफलीचा खुला आवाज वीतभरावरून फार मोठा पडतो. इथे शब्द समोरच्याला सांगावेत तसे गा, हरकती निम्म्या करा.

गाद्यांनी खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा गोंगाट थांबत नाही. पंखा आणि फ्रीज बंद ठेवा, आणि पहाटे पाच किंवा रात्री अकरानंतरची वेळ धरा. पहाटे गळा जड असतो, म्हणून आधी खर्ज लावून घ्या. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत पुण्यात नदीपात्राजवळ राहणाऱ्यांनी संध्याकाळ सोडूनच द्यावी, ढोल-ताशाचा सराव गाद्यांना जुमानत नाही. स्टुडिओची तारीख धरताना दिवाळी पहाटचे दिवस आणि डिसेंबरमधला सवाई गंधर्व महोत्सव टाळा, चांगले साथीदार तेव्हा मिळत नाहीत.

घरचे कान ही मोठी ठेव आहे, पण ती कुठे वापरायची ते ठरवा. चाल बांधताना वडीलधाऱ्यांना जरूर ऐकवा. टेक चालू असताना दाराशी कुणी नको. प्रत्येक टेकला ‘गंधार जरा वर’ असं कानावर आलं की गाणारा स्वर सांभाळत बसतो आणि शब्द सुटतात. सलग पाच टेक घ्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ऐका. मिक्सिंगला घराबाहेरचा माणूस हवाच.

खर्चाचं थोडक्यात: माईक, तो कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस, बंद हेडफोन, स्टँड मिळून साधारण 30 ते 40 हजार. स्टुडिओचा हिशेब तासांत करा. चार मिनिटांच्या गाण्याला मांडामांड अर्धा तास, तबला एक, पेटी एक, गळा दोन ते तीन. निघताना प्रत्येक वाद्याची सुटी वेव्ह फाईल मागून घ्या.

आणि कागद. मुखडा तुमचा, अंतऱ्याची चाल आत्याची, असं असेल तर संगीतकार म्हणून दोघांची नावं आणि वाटा गाणं प्रसिद्ध होण्याआधी लिहून ठेवा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे गीतकार आणि संगीतकार यांचे वाटे वेगळे नोंदवले जातात. वहीतली जुनी चीज घेताना ती कुणाची ते आधी शोधा, कारण हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. बालकवी 1918 साली गेले, त्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या ओळींना परवानगी लागते.