मधले दोनशे फूट

स्नोमोबीलच्या (बर्फावरून पळणाऱ्या मोटारगाडीच्या) ट्रेलला, म्हणजे वाटेला, लागून खेड्यात घर घ्यायचा ज्यांचा विचार चाललाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही 2021 मध्ये असं घर घेतलं आणि फसलो. घर पक्कं आहे, छप्पर गळत नाही, विहिरीचं पाणी गोड आहे. पण ज्या एका गोष्टीसाठी, म्हणजे घरामागून थेट ट्रेलवर जाण्यासाठी, जास्तीचे पैसे मोजले तीच मिळाली नाही, आणि ती मिळणार नाही हे विकणाऱ्याला ठाऊक होतं.

जागा अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कीविनॉ द्वीपकल्पावर, हॅनकॉक आणि कॅल्युमेटच्या मधे. लेक सुपीरियरवरून येणारा गार वारा तळ्याचं पाणी उचलतो आणि इथे बर्फ करून टाकतो. एका हिवाळ्यात 200 इंच, म्हणजे पाच मीटर बर्फ पडला तरी इथे कोणाला नवल वाटत नाही. मी जवळच्या होटनला मिशिगन टेक विद्यापीठात शिकले, तेव्हापासून मला या बर्फाचं वेड. तिथल्या लिफ्ट ब्रिजला, म्हणजे मधला भाग वर उचलता येणाऱ्या पुलाला, दोन मजले आहेत. हिवाळ्यात वरून गाड्या जातात आणि खालच्या, एकेकाळच्या रेल्वेच्या मजल्यावरून स्नोमोबील. त्या पुलावरून पहिल्यांदा मैत्रिणीच्या मागे बसून गेले, तेव्हाच ठरवलं होतं की कधीतरी इथे आपलं घर हवं. आता आम्ही डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो, नऊ तासांवर. बारा वर्षं पैसे साठवले.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘ट्रेल थेट मागच्या दारातून’. सोबत व्हिडिओ होता: गॅरेज उघडतं, स्नोमोबील बाहेर येते, झाडांतल्या पट्ट्यातून जाते आणि मिनिटभरात ट्रेलवर. ट्रेल म्हणजे तांब्याच्या खाणींच्या जुन्या रेल्वेचा मार्ग. रूळ कधीच उखडले, जमीन राज्य सरकारकडे आहे. ऑगस्टमध्ये घर बघायला गेलो तेव्हा मालक स्वतः आम्हाला त्या पट्ट्यातून चालत घेऊन गेला. दोनशे फूट असेल. शेवटी झाडावर ट्रेलची नारिंगी चौकोनी पाटी दिसली. “अठरा वर्षं मी इथूनच जातोय,” तो म्हणाला. तो खोटं बोलला नव्हता, हे नंतर कळलं. एजंट शेजारी उभी राहून मान डोलवत होती. तसंच घर दोन मैल आत बावीस हजार डॉलरने स्वस्त होतं. ते सोडून आम्ही हे घेतलं.

माझे बाबा सिन्नर तालुक्यात तलाठी होते. फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, “वाट कोणाच्या गटातून जाते?”

“अहो बाबा, आपल्याच मागून जाते.”

“ते कळलं गं. पण जमीन कोणाची? इतर हक्कांत नोंद आहे का? का नुसती वहिवाट?”

मी म्हटलं, इथे सातबारा नसतो. ते गप्प बसले. वाटेवरून भाऊबंदकी कशी पेटते, तहसीलदारापुढे बांधाच्या रस्त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं कशी खेटे घालतात, हे त्यांच्याकडून ऐकतच मी मोठी झाले. तरी तो प्रश्न मी एजंटला विचारला नाही, याचं वाईट वाटतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ट्रेल उघडल्यावर, दोन्ही स्नोमोबील काढल्या. पट्ट्याच्या तोंडाशी दोन मेपलच्या बुंध्यांना साखळी बांधलेली. दिसावी म्हणून तिला नारिंगी रिबिनी, आणि प्रवेश बंद अशी पाटी. खिळे नवेकोरे होते. पलीकडे ट्रेल स्पष्ट दिसत होता. आमच्यासमोर पाच-सहा जण भुर्रकन निघून गेले. मुलगा म्हणाला, “आई, खालून जाऊ या ना.” मी त्याला परत फिरवलं.

तो पट्टा शेजारच्या आजोबांचा. फिनिश वंशाचे, ऐंशीच्या पुढचे, अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी कॉफी दिली आणि एक कागद पुढे ठेवला. जमीन मुलीच्या नावावर होणार आहे, तिला तिथून कोणी गेलेलं नको, तेव्हा या हिवाळ्यापासून वाट बंद, असं आपल्या हाताने लिहिलेलं पत्र. तारीख मे 2021 ची. आम्ही घर पाहिलं त्याच्या तीन महिने आधीची. पत्र आमच्या विकणाऱ्याच्या नावे होतं आणि प्रत आजोबांनी जपून ठेवली होती. “त्याने तुम्हाला सांगितलं नाही?” त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्यावर माझा राग नाही. जमीन त्यांची आहे, आणि त्यांनी वेळेत कळवलं होतं.

घरी येऊन कागद उपसले. मिशिगनमध्ये विकणाऱ्याला घराबद्दल एक छापील विवरणपत्र भरून द्यावं लागतं. त्यात शेजाऱ्यांशी सामाईक रस्ते आणि जमिनीवरचे वाटेचे हक्क यांबद्दल प्रश्न असतात. आमच्या विकणाऱ्याने दोन्हींपुढे ‘माहीत नाही’वर खूण केली होती. मे महिन्यातलं पत्र खिशात असताना.

वकिलाने सांगितलं ते जसंच्या तसं देते. शेजाऱ्याने तोंडी ‘जा’ म्हटलं तर ती परवानगी असते. ती कधीही काढून घेता येते आणि घर विकलं तरी पुढच्याला मिळत नाही. हक्क हवा तर इझमेंट, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क, लेखी हवं आणि काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या कचेरीत, नोंदलेलं हवं. अठरा वर्षांच्या वापराचं काय, असं मी विचारलं. आपल्याकडे वहिवाटीला वीस वर्षं लागतात, मिशिगनमध्ये पंधरा. पण परवानगीने केलेला वापर मोजतच नाहीत, मग तो पन्नास वर्षांचा का असेना. टायटल विमा, म्हणजे मालकीहक्कातल्या दोषांसाठीचा विमा? घराला डांबरी रस्ता आहे, त्यामुळे विम्याच्या दृष्टीने सगळं ठीक. आणि तोंडी सांगितलेलं काहीही ग्राह्य नाही, असं वाक्य खरेदीच्या करारात होतं, त्याखाली आमच्या सह्या. पत्राच्या जोरावर दावा उभा राहील, पण विकणारा राज्य सोडून गेलाय आणि खर्च बावीस हजारांच्या वर जाईल. आम्ही दावा केला नाही. एजंट म्हणाली, मला मालकाने सांगितलं तेच मी लिहिलं.

आमचा निदान ट्रेल तरी सरकारी जमिनीवर आहे. पुष्कळ ट्रेल खासगी जंगलातून जातात, तिथे मालक बदलला की ट्रेलही हलू शकतो. 2022 मध्ये याच द्वीपकल्पावरची 32,000 एकरांहून जास्त जंगलजमीन विकली गेली. सुदैवाने ती द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धन संस्थेने घेतली. आणि करसवलतीतलं व्यापारी जंगल ‘लोकांना खुलं’ असतं असं कोणी सांगितलं, तर ते शिकारीला आणि मासेमारीला, तेही पायी जाणाऱ्यांना. स्नोमोबीलला नाही.

म्हणून घराच्या मागच्या भिंतीपासून ट्रेलच्या पाटीपर्यंतची फूट न् फूट जमीन कोणाची आहे, ते काउंटीच्या नकाशावर बघा. मोजणी करून घ्या. मधे दुसऱ्याची जमीन निघाली, तर सही करण्याआधी तिच्या मालकाच्या दारात स्वतः जा, एजंटला पाठवू नका. आजोबांचं घर आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. ऑगस्टमध्ये त्यांचं दार ठोठावलं असतं तर त्यांनी तेव्हाच पत्र दाखवलं असतं.

आता आम्ही स्नोमोबील ट्रेलरवर चढवतो, चार मैलांवरच्या पार्किंगला नेतो, तिथे उतरवतो. रात्री ट्रेल सपाट करणारा ग्रूमर जातो तेव्हा त्याचे दिवे झाडांतून स्वयंपाकघराच्या भिंतीवर पडतात. मुलगा अजून खिडकीशी जातो.

गेल्या महिन्यात आमच्याच रस्त्यावर आणखी एक घर विकायला निघालं. जाहिरातीत तेच शब्द, ‘थेट मागच्या दारातून’. एक तरुण जोडपं बघायला आलं होतं. मी कोट चढवला, गुडघाभर बर्फातून त्यांना साखळीपर्यंत घेऊन गेले, आणि तिथून आजोबांच्या दारात.