माणशी मापाची वही: तिघांचं घर आठांचं झाल्यावरचा किराणा (वापरानंतरचा अनुभव, जून ते शिमगा)

घरात माणसं वाढली की पहिल्या महिन्याचं वाण्याचं बिल हातात पडतं आणि सगळे महागाईच्या नावाने खडे फोडतात. महागाई असतेच. पण बिल फुगतं ते मुख्यतः मापाने, आणि ते माप घरात कुणालाच माहीत नसतं. माणशी मापाची वही ठेवायच्या या पद्धतीचं सगळं इंगित एवढंच: बजेट आधी ग्रॅममध्ये करायचं, रुपये शेवटी लावायचे. भाव दर आठवड्याला हलतो, माणूस दिवसाला किती भात खातो ते फारसं हलत नाही.

भात-मासे खाणाऱ्या कोकणातल्या घरात ही वही जूनच्या तोंडाला सुरू झाली आणि शिमग्यापर्यंत चालली. मासेमारी बंदी, गणपती, दिवाळी सगळं त्यातून गेलं, म्हणजे परीक्षा पुरेशी झाली. तांदूळ, डाळी, तेल, साखर यांना पद्धत उत्तम बसते. मासळीला अर्धवट बसते. मुलांच्या खाऊला बसत नाही.

सामान थोडंच लागतं. दहा किलोपर्यंत वजन घेणारा डिजिटल काटा, शंभर पानी वही, दोन लिटरची पारदर्शक बाटली आणि पेन्सिल. पेन नको. पावसाळ्यात स्वयंपाकघरातला कागद सादळतो आणि शाई पसरते. मोबाइलमधली हिशेबाची अ‍ॅपं कुठल्या दुकानात किती रुपये गेले ते चोख सांगतात, पण डब्यात किती उरलं ते सांगत नाहीत. शिवाय पिठाच्या हाताने फोन कोण उघडणार?

पहिले दोन आठवडे काटकसर अजिबात करायची नाही, फक्त मोजायचं. नवीन आलेली माणसं सुरुवातीला एकतर संकोचून कमी खातात किंवा घरचं मिळालं म्हणून जास्त. दोन आठवड्यांत ते स्थिरावतं. रोज रात्री वहीत हजेरी टाकायची. मोठं माणूस म्हणजे १. पाच ते बारा वर्षांचं मूल पाऊण, पाचच्या आतलं अर्धं, सत्तरीपुढचं माणूस पाऊण. वाढत्या वयाचा मुलगा सव्वा, आणि यात कमी धरू नका, संध्याकाळी पातेलं रिकामं होतं ते तिथेच. शाळेचा किंवा कामाचा डबा घरातूनच जातो, म्हणून तो दिवस पूर्ण धरायचा. कुणी मुंबईला गेलं की तेवढे दिवस शून्य.

चार मोठी माणसं, एक आजी, एक कॉलेजातला मुलगा, एक शाळकरी मुलगी आणि एक अंगावरचं दूध सुटून भाताला लागलेलं बाळ अशी आठ डोकी धरा. हजेरी होते सव्वासात. महिन्याला तीसने गुणलं की २१७.५. दिवसाला माणशी २५० ग्रॅम तांदूळ (दोन वेळचा भात, सकाळची पेज आणि एखादी भाकरी धरून) म्हणजे महिन्याला साधारण साडेचोपन्न किलो. सरसकट आठने गुणलं असतं तर साठ किलो आले असते. ही साडेपाच किलोची तफावत दर महिन्याला कोठीत साचत जाते आणि जुलैत तिला टोके (धान्यातली कीड) लागतात.

बाकीची मापं आमच्या वहीत अशी स्थिरावली: डाळी, कुळीथ, वाल, चवळी मिळून माणशी ५० ग्रॅम, म्हणजे महिन्याला अकरा किलो. साखर २५ ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो. चहाचं घर असेल तर यात वाढ धरा. तेलाला अंदाज न लावता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२४ चा आकडा घेतला, दिवसाला २७ ग्रॅम. सव्वासात हजेरीला ते महिन्याला पावणेसहा-सहा किलो होतं.

तेलाची बाटली हा या पद्धतीतला सगळ्यात कामाचा भाग आहे. आठवड्याचं तेल होतं सुमारे १३७० ग्रॅम. तेल पाण्याहून हलकं असतं, एक लिटर भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे हे झालं दीड लिटर. दोन लिटरच्या बाटलीला दीड लिटरवर रबर लावायचं, रविवारी सकाळी तिथपर्यंत तेल भरायचं आणि डबा वरच्या फळीवर ठेवून द्यायचा. बुधवारी सकाळी तेल निम्म्याच्या खाली गेलेलं दिसलं की गुरुवारी भजी होत नाहीत, कुणाला काही सांगावं लागत नाही. तळणीतून उरलेलं तेल पुन्हा या बाटलीत ओतू नका, त्याची वेगळी बरणी ठेवा. नाहीतर माप चुकतं आणि चांगलं तेलही लवकर खवट होतं.

आठवडा मोजताना एक ठरलेली चूक होते. महिन्याचा माल चार भागांत वाटला की अठ्ठावीस दिवसच भागतात. शेवटचे दोन-तीन दिवस वाण्याकडे पाव किलो-अर्धा किलोच्या फेऱ्या सुरू होतात, आणि सगळ्यात महाग खरेदी तीच. म्हणून महिन्याला चारने नव्हे, ४.३ ने भागायचं.

आता जे माणसांच्या हिशेबाने वाढत नाही त्याकडे. इथेच बजेट खरं वाचतं. एका पातेल्यातलं वाटण आठजणांना पुरवायला तिघांच्या पावणेतीनपट खोबरं लागत नाही. तिघांना दोन दिवसांत एक नारळ लागत असेल तर आठांना रोज एक पुरतो. भाजका मसाला, हळद, हिंग, तिरफळ, मीठ, आमसुलं यांचंही तसंच. मे महिन्यात मसाला कुटताना मिरची तिप्पट घेतली तर पुढच्या मेपर्यंत रंग उतरलेला मसाला खात बसावं लागेल. दुप्पट पुष्कळ झाली. फिनेल, काड्यापेटी, भांड्यांची घासणी जवळपास तेवढीच राहतात. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर आणि दूध मात्र डोक्याडोक्याने वाढतं. त्यात बाळ असेल तर कपड्यांची पावडर त्याच्या अर्ध्या हजेरीला दाद देत नाही, तिथे त्याला दीड धरा.

गॅस मधल्यामध्ये पडतो, आणि तो कुठे पडणार ते कुकर ठरवतो. तीन लिटरच्या कुकरमध्ये आठांचा भात लावायचा तर दोनदा लावावा लागतो, मग डाळीला तिसरी खेप. साडेसात लिटरचा कुकर आणि त्यात बसणारे डबे घेतले की भात-डाळ एका खेपेत होतं. उकड्या तांदळाला शिजायला वेळ लागतो, तो अर्धा तास भिजवून मगच लावा. १४.२ किलोचा सिलिंडर तिघांत चाळीसेक दिवस जात असेल तर आठांत असं केल्यावर पंचवीसच्या आसपास जातो. नाहीतर पंधरवड्यात संपतो. सिलिंडर लावला त्या दिवसाची तारीख खडूने त्याच्यावरच लिहायची. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं नाही हे गृहीत धरलंय. सोडणं आणि चुडतं (नारळाची सालं आणि सुक्या झावळ्या) पावसाआधी खोपीत भरलेली असतील तर बंब वर्षभर चालतो. दुसरा सिलिंडर नोंदवून ठेवा, मुसळधार पावसात गाडी वाडीपर्यंत यायची शाश्वती नसते.

कुकर, जादा बादल्या, गाद्या, कोठी हा खर्च महिन्याच्या पानावर लिहू नका. त्याला वेगळं पान करा. नाहीतर पहिले तीन महिने आकडा इतका भयंकर दिसतो की घरात वादच व्हायचे.

मासळीला ग्रॅम लावून बघितले, पण ताणूनताणूनच बसतात. बाजारात वाट्याने मिळते, आणि वाटा बाईगणिक, दिवसागणिक बदलतो. वाटा घरी आणला की साफ करण्याआधी आणि केल्यावर असा दोनदा काट्यावर ठेवा. महिनाभरात कळतं की कोळंबीचं जवळजवळ निम्मं वजन डोक्या-सालीत जातं, मध्यम बांगडा किलोला सात-आठ चढतो आणि डोकं-पोट काढल्यावर दोन-तृतीयांश उरतो. पापलेट-सुरमई माणशी तुकडीने मोजावी लागते, म्हणून आठांच्या घरात ती सणाला. तारली, पेडवे, मोरी (लहान शार्क), तिसऱ्या (शिंपल्या) या वाटणात पसरतात, रोजचं घर त्यांच्यावर चालतं. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर लिलावात टोपली घेऊन शेजाऱ्यांत वाटून घेतली तर दर बाजारापेक्षा उतरतो. पण बर्फ आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल त्यात धरा, एकट्यासाठी ते परवडत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा हे पान जवळजवळ कोरं राहतं. त्याचा पैसा मे महिन्यातच खर्च झालेला असतो: जवळा, सुके बांगडे, बोंबील, सोडे. ही आगोटीची (पावसाळ्याआधीच्या बेगमीची) खरेदी एका महिन्यावर टाकली तर मे कोसळतो. ती जून-जुलै-ऑगस्टच्या पानांवर वाटून लिहा आणि जानेवारीपासून थोडे थोडे पैसे त्यासाठी बाजूला काढा. ताजी भाजीही त्याच काळात दगा देते. बरीचशी भाजी घाटावरून येते, दरड कोसळून घाट बंद पडला की टोमॅटोकडे बघवत नाही. टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू, नंतर पडवळ-दोडकी यांच्यावर तेवढे दिवस काढता येतात. सोबतीला कुळथाची पिठी आहेच.

घाऊक खरेदीबद्दल. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळ-पिठाला ५ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या गोणीला आणि सुट्या धान्याला नाही. म्हणून तीस किलोची गोणी स्वस्त पडते. पण आपल्या हवेत एक किलो जरी टोक्यांनी खाल्लं तरी तिसातला तो तीन टक्क्यांहून जास्त तोटा, म्हणजे पाचातले तीन तिथेच गेले. साठवण जमत असेल तरच गोणी. धान्य मेच्या उन्हात दोन दिवस कडक वाळवून, रात्रभर निवू देऊन, पत्र्याच्या कोठीत भरायचं. कोठी भिंतीपासून वीतभर लांब आणि लाकडी पाटावर. गरम धान्य भरलं तर आत घाम सुटतो आणि किडीपेक्षा आधी कुबट वास येतो. तांदळाचं पीठ पावसाळ्यात आठ-दहा दिवसांपुरतंच दळून आणा.

तेलाच्या डब्यावर पंधरा लिटर आहे की पंधरा किलो ते वाचा. लिटरच्या डब्यात साधारण १३.६५ किलो तेल असतं. पिशव्याही आता ८०० आणि ८५० ग्रॅमच्या येतात, बाहेरून त्या एक लिटरसारख्याच दिसतात. छापील किमतीशेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमची किंवा मिलीची (मोठ्या मापावर दर किलोची किंवा लिटरची) किंमत असते, तुलना तिचीच करा.

रेशनचं काम पहिल्याच आठवड्यात हातात घ्या. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. यात वय बघत नाहीत. बाळ आमच्या मापाने पावणेचार किलो खातं, रेशनवर त्याचे पाच येतात. मुंबईच्या कार्डावरच्या माणसांना गावच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, कार्ड आधारशी जोडलेलं आणि ई-केवायसी झालेलं असेल तर. कायमचं राहायचं असेल तर तिथलं नाव कमी करून इथे चढवावं लागतं. ते रेंगाळतं, तोवर अंगठ्यावर चालवा. मिळालेले किलो वहीतल्या गरजेतून वजा करूनच वाण्याची यादी करायची. हे राहिलं की धान्य दोनदा घरात येतं.

वहीच्या उणिवा. एक, हजेरी आणि वजन टाकायचं काम आपसूक स्वयंपाक करणारीच्या गळ्यात पडतं. ते कॉलेजातल्या मुलाकडे दिलं तेव्हा नोंदी जास्त नियमित झाल्या. भात कोण किती घेतंय यावरच्या त्याच्या शेऱ्यांना मात्र आवर घालावा लागतो. वही ताटातलं मोजायला नाही, डब्यातलं मोजायला आहे, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा. ताटातलं मोजलं तर म्हाताऱ्या माणसांच्या ते फार मनाला लागतं.

दोन, गणपतीत हिशेब चालत नाही. चाकरमानी किती येणार ते आदल्या दिवशीपर्यंत पक्कं नसतं, आरतीला वाडी येते, प्रसादाला साखर-खोबरं माणशी मोजता येत नाही. त्याला ठोक रक्कम आणि वेगळं पान. उरलेलं नंतर वजन करून महिन्याच्या पानावर जमा.

तीन, खाऊ. बिस्किटं, वेफर्स, पाच-दहा रुपयांच्या पुड्या. हे ग्रॅममध्ये लिहिलं की हास्यास्पद दिसतं, रुपयांत लिहिलं की धक्का बसतो. आमच्याकडे ‘किरकोळ’ रकाना डाळींच्या रकान्याच्या वर गेला. सुट्या पुड्यांऐवजी महिन्याच्या यादीत मोठा पुडा घेतला, तो तीन दिवसांत संपला आणि पुड्या पुन्हा सुरू झाल्या. सध्या शाळकरी मुलीला आठवड्याचे पैसे हातात देऊन तिचं तिला लिहायला सांगितलंय. बाळाला आजी परस्पर काय देते ते वहीत येत नाही.

एकूण या पद्धतीला पाचांपैकी चार गुण. चार माणसांपर्यंतच्या घराला एवढी खटपट नको, तिथे तेलाची बाटली आणि सिलिंडरवरची तारीख पुरते. पाहुणे महिन्याभराचेच असतील तरीही नको. सहाच्या वर माणसं कायमची राहणार असतील तर काटा आधी घ्या, कोठी नंतर.