इंटरनेट आर्काइव्ह: कॅरल शॉचा माग काढायला कितपत कामाचं?

व्हिडिओ गेम प्रोग्रामर कॅरल शॉ म्हटलं की 'रिव्हर रेड' हा खेळ (ॲक्टिव्हिजन कंपनी, १९८२) आठवतो. पण त्याआधी, १९७८ पासून, त्या अटारी या गेम कंपनीत होत्या, आणि अटारी तेव्हा खेळांवर प्रोग्रामरचं नाव छापत नसे. म्हणजे त्यांच्या कामाचा पहिला टप्पा छापील कागदांत जवळजवळ निनावी आहे. या शोधासाठी इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे जुनी मासिकं, पुस्तकं, खेळ आणि वेबपानं जपणारं ऑनलाइन ग्रंथालय, फुकट आहे आणि अफाट आहे, पण त्याचे नखरे माहीत हवेत.

सगळ्यात आधी शोधाची पेटी. ती मुळात फक्त मेटाडेटा, म्हणजे शीर्षक आणि वर्णन, धुंडाळते. तिथे 'कॅरल शॉ' टाकून फारसं काही मिळालं नाही म्हणून अनेक जण परत फिरतात. पेटीखालचा 'सर्च टेक्स्ट कन्टेन्ट्स' हा पर्याय निवडा, मग १९८२-८३ च्या गेमिंग मासिकांची पानं उघडायला लागतात. तरीही बरंच निसटतं, कारण त्या मासिकांत रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आणि तीन-तीन रकाने असत. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, रकाने एकमेकांत मिसळतो आणि नाव-आडनावाची ताटातूट होते. म्हणून पूर्ण नाव अवतरणात टाकून थांबू नका. खेळाचं नाव आणि नुसतं 'शॉ' असाही शोध घ्या. अंक संशयास्पद वाटला तर उजवीकडच्या डाउनलोड यादीतून 'फुल टेक्स्ट' फाइल उतरवून घ्या आणि आडनावाचे तुकडे शोधा. मजकुरावर मात्र भरवसा नको. उद्धृत करण्याआधी पानाचं चित्र डोळ्यांनी वाचा.

आडनावाचा घोळ जॉइस वाइजबेकर यांच्या बाबतीत आणखी वाढतो. त्यांनी १९७६ मध्ये आरसीए या अमेरिकी कंपनीच्या स्टुडिओ टू या गेम कन्सोलसाठी खेळ लिहिले, म्हणजे शॉ यांच्याही आधी. पण नुसतं आडनाव टाकलं की वडील जोसेफ यांचेच लेख समोर येतात, कारण ऑगस्ट १९७६ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'मधला कॉस्मॅक एल्फ हा घरी जोडायचा संगणक त्यांचाच. इथे पहिलं नाव सक्तीचं.

तारखा हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. वर्ष बहुतेकदा अपलोड करणाऱ्याने भरलेलं असतं. शिवाय खेळावरचं कॉपीराइटचं वर्ष आणि तो दुकानात आल्याचं वर्ष एकच असेल असं नाही, आणि मासिकाच्या मुखपृष्ठावरचा महिना प्रत्यक्ष विक्रीच्या पुढे धावतो. 'पहिली महिला प्रोग्रामर' असले दावे अशाच तारखांवर उभे असतात, तेव्हा वर्णनातलं वर्ष जसंच्या तसं उचलू नये.

माहितीपुस्तिकांचे स्कॅन ही खरी चैन. ॲक्टिव्हिजन डिझायनरचं नाव अभिमानाने छापत असे. 'रिव्हर रेड'च्या पुस्तिकेत शॉ यांनी खेळाडूंना दिलेल्या टिपा आहेत, आणि १५,००० गुण झाल्यावर टीव्हीच्या पडद्याचा फोटो पाठवून बिल्ला मागवायची सोयही. ब्राउझरमधल्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, हाच खेळ चालतो. नदी कशी वळते ते पाहायला ठीक, पण ४ किलोबाइटमध्ये ती शिफ्ट रजिस्टरच्या, म्हणजे बिट सरकवत आकडे तयार करण्याच्या, हिशेबाने कशी तयार होते हे खेळून कळणार नाही. त्यासाठी कोडच लागतो.

आणि कोड इथे शोधू नका. शॉ यांनी छापील सोर्स कोड आणि इतर साहित्य २०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथल्या द स्ट्राँग संग्रहालयाला दिलं. अटारीच्या वर्षांबद्दल गंभीर काम करायचं तर त्यांच्या अभिलेखागाराशी आधी पत्रव्यवहार करावा लागेल.

वेबॅक मशीन, म्हणजे आर्काइव्हचाच जुन्या वेबपानांचा साठा, बंद पडलेल्या साइटवरच्या जुन्या मुलाखतींसाठी उत्तम, फक्त मूळ पत्ता ठाऊक हवा. तिथला शब्दशोध साइटच्या मुख्य पानांपुरताच चालतो. पत्त्याच्या शेवटी तारांकन लावलं की त्या साइटची जतन झालेली सगळी पानं यादीत येतात. ही युक्ती कमी लोकांना माहीत असते.

आर्काइव्हवरची उसनवारीची पुस्तकं तासाभरासाठी किंवा चौदा दिवसांसाठी मिळतात, पण प्रकाशकांच्या खटल्यानंतर पाच लाखांहून जास्त पुस्तकं त्यातून गेली. ऑक्टोबर २०२४ मधल्या सायबर हल्ल्यात तर साइटच काही दिवस बंद होती. लागणारं पान सापडलं की त्याची पीडीएफ लगेच उतरवा आणि फाइलच्या नावात अंक, महिना व पान क्रमांक घाला.