पिनकोडची सरकारी यादी रोजच्या कामात : काही महिने वापरल्यानंतर

दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची जिल्हावार यादी काढणं, पुस्तकांच्या पार्सलांचे पत्ते तपासणं, ऑनलाइन फॉर्ममध्ये पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप भरणं आणि 'आमच्याकडे पोचवता का?' या प्रश्नाला लगेच उत्तर देणं, या कामांसाठी टपाल खात्याची 'ऑल इंडिया पिनकोड डिरेक्टरी' आम्ही गेले काही महिने वापरतो आहोत. फुकटात मिळणाऱ्या सरकारी डेटामध्ये इतकी कामाची गोष्ट क्वचित सापडते. मात्र ही पोस्ट ऑफिसांची यादी आहे. तिच्याकडून गावांच्या यादीचं किंवा नकाशाचं काम करून घ्यायला गेलं की घोळ सुरू होतात. खाली ज्या अडचणी लिहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ तिथेच आहे.

यादी 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' या केंद्र सरकारच्या साइटवर सीएसव्ही स्वरूपात (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर फाईल) मिळते. सरकारी खुल्या डेटाच्या परवान्याखाली असल्यामुळे स्रोताचा उल्लेख करून ती व्यावसायिक कामातही वापरता येते. एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट डेटा मागवायची सोयसुद्धा आहे, पण तिथे दिलेल्या नमुना कीवर (प्रवेशाच्या सांकेतिक कोडवर) एका वेळी फक्त १० नोंदी येतात. पूर्ण डेटासाठी नोंदणी करून स्वतःची की घ्यावी लागते. आमचा सल्ला असा की एपीआयच्या नादी लागू नये. फाईल एकदा उतरवून आपल्याकडे ठेवावी. पोस्ट ऑफिसं रोज बदलत नाहीत.

फाईलमध्ये दीड लाखाहून जास्त ओळी आहेत आणि वेगळे पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका पिनकोडवर सरासरी आठ ओळी, ग्रामीण भागात त्याहून बऱ्याच जास्त. रकाने असे : सर्कल, रीजन, डिव्हिजन (हे तिन्ही टपाल खात्याच्या कारभाराचे भाग, मोठ्याकडून छोट्याकडे), ऑफिसचं नाव, पिनकोड, ऑफिसचा प्रकार, डिलिव्हरी आहे की नाही, जिल्हा, राज्य, अक्षांश, रेखांश. इंटरनेटवर फिरणाऱ्या जुन्या प्रतींत तालुक्याचाही रकाना दिसतो. नव्या यादीत तो नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये जिल्हा भरून द्यावा आणि तालुका माणसालाच विचारावा. जुन्या प्रतीतला तालुका नव्या यादीला जोडण्याचा खटाटोप फायद्याचा ठरत नाही.

फक्त महाराष्ट्र हवा असेल तर चाळणी राज्याच्या रकान्यावर लावायची, सर्कलवर नाही. टपाल खात्याच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतो. सर्कलवर चाळणी लावली की पणजी, मडगाव, म्हापसा सगळे महाराष्ट्रात येऊन बसतात. आपल्याला दोन्ही हवे असतील तर उलट सर्कलच सोयीचं. चाळल्यावर उरतात त्या ओळी साध्या एक्सेल शीटमध्ये आरामात मावतात.

आता आकड्यांची रचना. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तेव्हा दळणवळण मंत्रालयात असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ही योजना. पहिला आकडा विभागाचा, पहिले दोन मिळून उपविभागाचे, पहिले तीन छाननी जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. इथे जिल्हा म्हणजे पत्रं वेगळी करण्याच्या सोयीसाठी पाडलेला भाग, महसुली जिल्हा नव्हे. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ओळखणारे कोष्टक अनेक जण बनवतात आणि हमखास फसतात. ४१३ घ्या : ४१३००१ सोलापूर, ४१३१०२ बारामती, ४१३५०१ धाराशिव, ४१३५१२ लातूर, ४१३७०९ श्रीरामपूर. पाच पिनकोड, पाच जिल्हे. ४१० मध्ये पनवेल (४१०२०६) रायगडचं, तर लोणावळा (४१०४०१) आणि जुन्नर (४१०५०२) पुणे जिल्ह्यातलं. आणि ४०० म्हणजे मुंबई ही समजूत तर फार पक्की आहे. ४००६०१ ठाणे, ४००७०३ वाशी, ४००७०२ उरण, म्हणजे थेट रायगड जिल्हा. 'मुंबईत डिलिव्हरी मोफत' असा नियम ४०० वर लावला, तर उरणचं पार्सलही मोफत जाईल. नियम पूर्ण सहा आकड्यांवरच लावा.

महाराष्ट्र ४० ते ४४ मध्ये येतो, गोवा ४०३ मध्ये. ९ ने सुरू होणारे पिनकोड सैन्याच्या टपालाचे. ५६ एपीओ किंवा ९९ एपीओच्या (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट ऑफिस) पत्त्याला जिल्हा नसतोच. जिल्हा सापडला नाही म्हणून फॉर्म अडवला, तर सीमेवरच्या जवानाचा पत्ता त्यात भरताच येणार नाही. ९ ने सुरू होणाऱ्या पिनकोडला जिल्हा ऐच्छिक ठेवावा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जिल्ह्यांच्या नावांवर. टपाल खात्याच्या नोंदींत रायगडचं इंग्रजी स्पेलिंग बऱ्याच ठिकाणी छत्तीसगडमधल्या रायगढसारखंच असतं. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणून काही प्रतींत नावापुढे कंसात राज्याची खूण सापडते, काहींत नाही. त्यात २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, नंतर अहिल्यानगर अशी नावं बदलली. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, पण जुन्या प्रतींत वसई-डहाणू अजून ठाण्यातच आहेत. यावर एकच इलाज टिकाऊ आहे : नाव जुळवत बसू नका. पंचायत राज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'मध्ये प्रत्येक जिल्ह्याला एक क्रमांक आहे. एक छोटं कोष्टक करा. डावीकडे यादीत दिसलेलं प्रत्येक स्पेलिंग राज्यासकट, उजवीकडे तो क्रमांक. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे आणि त्यांची दोन-तीन रूपं एवढंच काम आहे, एका बैठकीत होतं. पुढे नाव कितीदाही बदललं तरी हिशेब क्रमांकावर चालतो.

गावावरून पिनकोड शोधणं हे या डेटाचं लंगडं अंग. देशात गावं सहा लाखांहून जास्त, पोस्ट ऑफिसं त्याच्या चौथाई. बहुतेक गावांचं नाव यादीत सापडणारच नाही. पण मराठी पत्त्यात याचं उत्तर आधीच लिहिलेलं असतं. 'मु. पो.' एकत्र लिहिलं असेल तर गावातच पोस्ट आहे. 'मु.' एक आणि 'पो.' दुसरं असेल तर 'पो.' पुढचं नाव यादीत शोधायचं. फॉर्ममध्ये 'गाव' आणि 'पोस्ट' असे दोन वेगळे रकाने ठेवले की जुळणी एकदम सुधारते. हा बदल करायला पाच मिनिटं लागतात आणि बाकी कुठल्याही चलाख प्रोग्रामपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

नावानेच शोधायचं झालं तर जिल्ह्याशिवाय शोधू नका. कर्जत रायगडमध्ये आहे (४१०२०१) आणि अहिल्यानगरमध्येही (४१४४०२). खेड पुण्यात आहे, तिथे पोस्ट राजगुरुनगर (४१०५०५), आणि रत्नागिरीतही (४१५७०९). शिरूर पुण्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. स्पेलिंगचा प्रश्न वेगळाच : वडगाव 'डब्ल्यू'नेही लिहितात, 'व्ही'नेही. साऱ्या राज्याच्या नावांतून जवळचं नाव शोधायला लावलं तर भलतंच काही समोर येतं. आधी पिनकोडने ओळी गाळून घ्या, मग उरलेल्या दहा-वीस नावांतच जवळचं नाव शोधा. इतक्या छोट्या गटात ढोबळ जुळणीही बरोबर उत्तर देते.

आता पिनकोड भरून घेताना काय होतं ते बारकाईने पाहू, कारण चुका तिथेच शिरतात. वैध पिनकोड म्हणजे पहिला आकडा १ ते ९ आणि पुढे कोणतेही पाच आकडे. लोक मध्ये जागा सोडून '४११ ०३८' लिहितात, तेही बरोबरच आहे. तपासण्याआधी सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. मराठी फॉर्ममध्ये अनेक जण देवनागरी आकडे टाइप करतात. ब्राउझरमध्ये फॉर्म तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेच्या पॅटर्नमध्ये 'कोणताही आकडा' ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, त्यामुळे बरोबर लिहिलेला पिनकोड 'चुकीचा' म्हणून परत येतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तीच खूण देवनागरी आकडेही ओळखते, मग तोच पिनकोड सर्व्हरवर पास होतो पण यादीत सापडत नाही, कारण तिथे इंग्रजी आकडे आहेत. उपाय सोपा आहे : युनिकोड या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६. अक्षराचा क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर त्यातून २४०६ वजा करा, तोच आकडा. मराठी वाचकाला मराठी आकडे लिहू द्यावेत, बदलण्याचं काम यंत्राने करावं. रकाना 'नंबर' प्रकारचा ठेवू नका, मजकुराचा ठेवा आणि मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येईल एवढी सूचना द्या.

पायथनच्या पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत सीएसव्ही उघडताना पिनकोडच्या रकान्यात एक जरी जागा रिकामी असली तरी सगळा रकाना दशांश होतो आणि ४११०३८ चा '४११०३८.०' होतो. मग एकही जुळणी लागत नाही आणि चूकही दिसत नाही. फाईल वाचतानाच तो रकाना मजकूर म्हणून वाचायला सांगा. एक्सेलमध्ये व्हीलुकअप हा शोधण्याचा फॉर्म्युला लावला तर पहिली जुळलेली ओळच मिळते, बाकीची पोस्टं दिसतच नाहीत. जिल्ह्यासाठी बहुतेक वेळा ते चालतं, पण सीमेवरच्या काही पिनकोडची पोस्टं दोन जिल्ह्यांत पसरलेली असतात. म्हणून आधी प्रत्येक पिनकोडवर वेगळे जिल्हे किती ते मोजा. जिथे एकाहून जास्त निघतील तिथे फिल्टर फॉर्म्युला लावून पर्याय दाखवा.

वेबसाइटसाठी अख्खी यादी ब्राउझरमध्ये उतरवू नये. पहिल्या तीन आकड्यांनुसार छोट्या जेसन फायली (ब्राउझरला सहज वाचता येणाऱ्या मजकूर फायली) करून ठेवल्या की माणसाने तिसरा आकडा टाइप करताच तेवढी एकच फाईल येते आणि सहावा आकडा पडेपर्यंत उत्तर तयार असतं. पिनकोड विचारला की पत्ता सांगणाऱ्या फुकट एपीआय सेवा बऱ्याच आहेत. करून बघायला ठीक, पण चालू दुकानाचा फॉर्म त्यांच्या भरवशावर ठेवू नये. सेवा बंद पडली की ऑर्डर अडते, आणि ती सुरू ठेवण्याची कुणावर सक्तीही नसते.

अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांवर तपासल्याशिवाय विसंबू नका. काही ओळींत 'एनए' लिहिलेलं आहे. अशा याद्यांत दोन आकड्यांची अदलाबदल आणि सरकलेला दशांश बिंदूही शोधावा लागतो. भारतासाठी एक सोय अशी की अक्षांश साधारण ६ ते ३८ मध्ये आणि रेखांश ६८ ते ९८ मध्ये असतो. दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळतच नाहीत, त्यामुळे अदलाबदल झाली असेल तर ती खात्रीने ओळखता येते आणि आकडे सरळ फिरवून घेता येतात. त्यानंतर एका पिनकोडच्या सगळ्या बिंदूंचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा, सरासरी नको. एखादा बिंदू चुकून भलत्या राज्यात पडला असेल तर सरासरी ओढली जाते, मध्यक जागेवर राहतो.

एवढं करूनही अंतर काढताना हात आखडता ठेवा. गेटवे ते अलिबाग सरळ रेषेत तीसेक किलोमीटर भरतं, रस्त्याने शंभराच्या घरात जातं. खाड्या आणि घाट असलेल्या कोकणात सरळ रेषेवर डिलिव्हरीचा दर ठरवणं म्हणजे नुकसान ठरलेलं. देशावर हिशेब पुष्कळ बरा बसतो.

दाराचं नेमकं ठिकाण हवं असेल तर २७ मे २०२५ रोजी टपाल खात्याने आणलेला डिजिपिन वापरून बघावा. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकटीला दहा अक्षर-आकड्यांचा कोड मिळतो. तो अक्षांश-रेखांशावरूनच निघतो, आणि प्रोग्राम खुला असल्यामुळे इंटरनेटशिवायही काढता येतो. पत्ता वाचून मात्र तो काढता येत नाही, जागेवर उभं राहून मोबाइलवर किंवा नकाशावर ठिकाण दाखवून घ्यावा लागतो. वाडी-वस्तीवर कुरिअरवाल्याला पाठवताना याचा फार उपयोग होतो.

परदेशातल्या वर्गणीदारांसाठी जिओनेम्स या ठिकाणांच्या नावांच्या खुल्या संग्रहातल्या पोस्टकोडच्या देशवार फायली घ्या. श्रेय देण्याच्या अटीवर त्या मोकळ्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच देशांचे अक्षांश-रेखांश गावाच्या नावावरून अंदाजाने लावलेले असतात, अचूकतेचा शेवटचा रकाना पाहूनच ते वापरावेत. न्यू जर्सीतल्या एडिसनचा झिपकोड ०८८१७ आहे. एक्सेल त्यातलं पहिलं शून्य खाऊन टाकतं आणि ८८१७ उरतं, म्हणून तो रकाना आधीच मजकूर करावा. ब्रिटनमध्ये एक पोस्टकोड साधारण पंधरा घरांचा असतो, तिथे अंतराचा हिशेब गल्लीपर्यंत जमतो. संयुक्त अरब अमिरातीत पोस्टकोड नाहीच. दुबई-शारजाच्या पत्त्यांना तो अनिवार्य ठेवला की लोक सहा शून्यं टाकून मोकळे होतात.

नवी फाईल आली की जुनीवर टाकू नका. फाईलच्या नावात उतरवल्याची तारीख घाला आणि पिनकोड व ऑफिसचं नाव मिळून दोन्ही प्रतींची तुलना करा. नव्या ओळी लगेच घ्या. गायब झालेल्या मात्र 'जुनी' अशी खूण करून ठेवा, कारण पोस्ट बंद झालं किंवा दुसऱ्याला जोडलं तरी लोक पत्त्यात जुना पिनकोड कितीतरी वर्षं लिहीत राहतात.