रोलिंग की ब्लू-ग्रीन? डिप्लॉय फसल्यावर समोर काय दिसतं, त्यावरून ठरवा

खराडीतल्या एका मित्राने परवा विचारलं: चार जणांची टीम, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) लोड बॅलन्सरमागे, म्हणजे ट्रॅफिक वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, ॲपचे चार कंटेनर; रोलिंगच ठेवू की ब्लू-ग्रीनकडे जाऊ? (रोलिंग म्हणजे चालू सर्व्हिसमधले जुने कंटेनर टप्प्याटप्प्याने बदलायचे; ब्लू-ग्रीन म्हणजे जुन्या, निळ्या गटाशेजारी नवा, हिरवा गट पूर्ण उभा करून मग ट्रॅफिक तिकडे वळवायचं.) या विषयावरचे बहुतेक तक्ते डाउनटाइम आणि खर्च सांगून मोकळे होतात. मी त्यालाच उलट विचारलं, डिप्लॉय, म्हणजे नवं व्हर्जन चढवणं, फसलं तर रात्री साडेअकराला तुझ्या स्क्रीनवर काय असेल?

(सगळं बंद करून नवीन चढवायचं, हा तिसरा पर्याय म्हणजे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल. २०२० मध्ये पाडला. त्यानंतर त्या चौकात आपण काय भोगलं ते पुणेकराला सांगायला नको. तो सोडून देऊ.)

आधी आमचा किस्सा. बाणेरचं ऑफिस, ईसीएसवर (एडब्ल्यूएसची कंटेनर चालवणारी सेवा) रोलिंग, चार टास्क, म्हणजे ॲपच्या चार चालत्या प्रती. किमान १०० टक्के, कमाल २०० टक्के अशी सेटिंग, म्हणजे नवे टास्क हेल्थ चेकमध्ये (लोड बॅलन्सर ठरावीक पाथवर विचारणा करून तब्येत बघतो तो) निरोगी ठरल्याशिवाय जुन्यांना हात लागत नाही. संध्याकाळी सहाला रिलीज केला. साइट मस्त चालू. साडेआठला क्लायंटचा फोन: "अहो, नवा रिपोर्ट कुठंय?" तो कुठेच नव्हता. अडीच तास नवे टास्क उठत होते, पडत होते, आणि लोक जुन्याच व्हर्जनवर काम करत होते.

रोलिंगचा गुण आणि दोष दोन्ही यातच आले. ग्राहकाला झळ बसली नाही. पण टास्कमध्ये शेल उघडून बघायला जावं, तर दोन-तीन मिनिटांत टास्कच मारला जायचा. थांबलेले टास्क कन्सोलवर साधारण तासभर दिसतात, त्यामुळे पहिल्या अपयशाचा पुरावा तोवर गेलेला. आमच्यातल्या एकाने कसंबसं आत शिरून कर्ल मारला (कमांडवरून पान मागवलं), तर २०० आला, म्हणजे सगळं ठीक. "ॲप ठीक आहे, लोड बॅलन्सरच गंडलाय." मग अर्धा तास सिक्युरिटी ग्रुप (एडब्ल्यूएसची फायरवॉल) खालीवर करण्यात गेला. शेवटी टार्गेट ग्रुपच्या (लोड बॅलन्सर ज्यांना ट्रॅफिक देतो त्या टास्कची यादी) कारणाच्या रकान्यात ३०२, म्हणजे 'दुसऱ्या पानावर जा' असा रीडायरेक्ट, दिसला आणि ट्यूब पेटली. नव्या व्हर्जनमध्ये सगळे पाथ लॉगिनमागे गेले होते, हेल्थ चेकचा पाथसुद्धा. पठ्ठ्याने सवयीने कर्लला डॅश एल लावला होता. तो रीडायरेक्टच्या मागे जाऊन लॉगिनच्या पानाचा २०० घेऊन आला. लोड बॅलन्सर असा मागे मागे जात नाही. त्याला २०० हवा होता, ३०२ मिळाला, त्याने नापास केलं.

हाच घोळ ब्लू-ग्रीनमध्ये झाला असता तर? नवा गट वेगळ्या टार्गेट ग्रुपमध्ये, लोकांच्या ट्रॅफिकपासून दूर उभा असता. हेल्थ चेकचा ग्रेस पिरियड तासाभराचा दिला, तर टास्क मारले जात नाहीत आणि निवांत आत बघता येतं. टेस्ट लिसनर (लोड बॅलन्सरचं चाचणीपुरतं दार) वेगळ्या पोर्टवर ठेवला की खुद्द लोड बॅलन्सरमधून जाऊन नवं व्हर्जन तपासता येतं. ऑफिसातून थेट कंटेनरला कर्ल मारण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

पण इथे एक खाचखळगा आहे. टार्गेट ग्रुपमधले सगळेच टार्गेट आजारी असतील, तर एडब्ल्यूएसचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर कुणालाच ट्रॅफिक न देण्याऐवजी सगळ्यांनाच देतो. म्हणजे कन्सोल लालभडक आणि ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतंय. "चालतंय की!" म्हणून कुणी ट्रॅफिक वळवलं तर पुढची मजा बघा.

एररचे आकडेही दोन्हीकडे वेगळं बोलतात. रोलिंगमध्ये मधूनच एखादा ५०२ (टास्ककडून धड उत्तर आलं नाही) येतो: जुना टास्क हातातली रिक्वेस्ट पुरी न करताच मेला, किंवा ॲपचा कीप-अलाइव्ह (रिकामं कनेक्शन उघडं ठेवायची मुदत) लोड बॅलन्सरच्या ६० सेकंदांपेक्षा कमी आहे. हे शोधणं वैतागाचं, कारण चारातला कुठला टास्क बोलतोय हे ॲक्सेस लॉगमधला टार्गेटचा आयपी बघितल्याशिवाय कळत नाही. ब्लू-ग्रीनमध्ये गोष्ट ढळढळीत असते. ट्रॅफिक वळवल्याक्षणी सगळीकडे ५०३ आले, तर नव्या ग्रुपमध्ये टार्गेट नोंदवलेलेच नाहीत. ५०४ (वेळेत उत्तरच नाही) आले तर पोर्ट किंवा सिक्युरिटी ग्रुप आधी बघा. आणि तोवर ट्रॅफिकचं वजन परत जुन्या ग्रुपवर टाका, काही सेकंदांचं काम आहे. रोलिंगमध्ये मागे जायचं म्हणजे पुन्हा एक डिप्लॉय; तेही टार्गेट सोडताना ३०० सेकंदांचा मूळ विलंब तसाच ठेवला असेल तर चांगलंच रेंगाळतं.

कॅनरीबद्दल (आधी थोडंसंच ट्रॅफिक नव्या व्हर्जनला देऊन बघणं) एवढंच: दिवसाला काही हजार रिक्वेस्ट असतील तर ५ टक्क्यांवरून रात्री काही कळत नाही.

दुसऱ्या क्लाउडवर असाल तर एक फरक लक्षात ठेवा. गुगलचे हेल्थ चेक १३०.२११.०.०/२२ आणि ३५.१९१.०.०/१६ मधून येतात, फायरवॉल तुम्हालाच उघडावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या ॲझरचा प्रोब, म्हणजे हेल्थ चेकच, १६८.६३.१२९.१६ वरून येतो, मग तुमचं रीजन इथलं पुण्यातलंच सेंट्रल इंडिया का असेना. ब्लू-ग्रीनसाठी नवं नेटवर्क किंवा नवे नियम उभे करताना हेच विसरलं जातं.

डेटाबेसबाबत मात्र दोन्ही सारखेच असहाय. कॉलम उडवणारी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) आधी चालवलीत, तर निळा, म्हणजे जुना, गटही पडतो. परत कुठे जाणार?

मित्राला मी सांगितलं ते असं: रोजच्या रिलीजला रोलिंगच ठेव. फक्त लॉग कंटेनरबाहेर पाठव आणि ईसीएसचा सर्किट ब्रेकर रोलबॅकसह (आपोआप जुन्या व्हर्जनवर परत जाणं) चालू कर. तो आपोआप चालू असेलच असं नाही. चार टास्कच्या सर्व्हिसला तीन अपयशांनंतर तो डिप्लॉय थांबवतो, म्हणजे आमच्यासारखे अडीच तास जाणार नाहीत. लॉगिन, फ्रेमवर्कचं मोठं अपग्रेड, पोर्ट किंवा हेल्थ पाथ बदलणं, अशा वेळी ब्लू-ग्रीन. तेवढ्यापुरता दुप्पट खर्च परवडतो, अट एकच की जुना गट नंतर कुणीतरी बंद केला पाहिजे. आमचा एकदा तीन आठवडे तसाच चालू राहिला, बिल आल्यावर कळलं. आता तो बंद करायची तारीख आणि माणसाचं नाव डिप्लॉयच्या तिकिटातच लिहितो.