मदत वस्तूंची की थेट खात्यात?

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यात दोन्ही आली: ट्रकभर धान्य-चादरी आणि खात्यात सानुग्रह अनुदान. दुकानंच पाण्यात असतात तेव्हा वस्तूच हव्यात. पण खरेदी आली की मधले हात आले. निर्बंधांखालच्या इराकमध्ये संयुक्त राष्ट्रांची ‘तेलाच्या बदल्यात अन्न’ योजना होती (१९९६-२००३): तेल विकायचं, त्या पैशातून अन्न-औषधं घ्यायची. तिच्यात पुरवठादार निवडायचा हक्क सद्दाम सरकारकडेच राहिला. करारांच्या किमती फुगवून, सहसा १० टक्के, ‘विक्रीपश्चात सेवे’च्या नावाने या सरकारने परत उकळले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीसाठी नेमलेल्या व्होल्कर समितीने २००५ मध्ये दोन हजारांवर कंपन्यांवर बोट ठेवलं. औषधाच्या पैशातली ही चोरी! थेट खात्यात ती वाट अरुंद होते. पंचनाम्यात खोटी नावं घुसतात, हेही खरं. तरी पाणी ओसरल्यावर मी खात्याच्याच बाजूने, मात्र यादी चावडीवर लागलीच पाहिजे. बँकव्यवहारच तुटलेल्या देशात वस्तू पाठवाव्याच लागतात. तिथे पुरवठादार देणाऱ्याने निवडावा.