आठ महिन्यांचा वापर: जुनी इंग्रजी कंपासपेटी आणि तिची नसलेली चावी

आठ महिने वापरल्यानंतर या पेटीविषयी लिहायला बसलो आहे तो एका न जुळलेल्या वर्तुळामुळे. समकेंद्री वर्तुळांची मालिका शाईने पूर्ण करीत असताना नवव्या वर्तुळाची रेघ जिथून निघाली तिथे परत आलीच नाही. अर्धा मिलिमीटर आत सरकून ती थांबली आणि दोन दिवसांचे काम वाया गेले. कंपासच्या डोक्याचा सांधा सैल झाला होता, आणि तो आवळण्याची चावी पेटीत नव्हती.

पेटीत काय काय असते हे वाचकांना ठाऊक असल्याने यादी देत नाही. संच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील धाटणीचा, आणि त्या काळी ज्याला इलेक्ट्रम म्हणत त्या जर्मन सिल्व्हरचा आहे. म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल. नावात चांदी असली तरी धातूत ती नाही. झाकणाच्या आतील रेशमावर एक नाव छापलेले आहे, परंतु त्यावरून कारागीर ठरवण्याची घाई करू नये, कारण अनेक विक्रेते दुसऱ्यांनी घडवलेल्या अवजारांवर आपले नाव घालून ती विकत असत.

आता चावी. मखमलीत तिच्यासाठी कोरलेली खाच आहे आणि ती रिकामी आहे. विक्रेत्याने मात्र ‘संच पूर्ण’ असे लिहिले होते, आणि विचारल्यावर ‘चावी हे काही अवजार नव्हे’ असे उत्तर दिले. ज्याने सांध्याची रचना एकदा तरी पाहिली आहे तो असे म्हणणार नाही. कंपासच्या डोक्याच्या दोन गालांच्या, म्हणजे सांध्यात एकमेकांवर फिरणाऱ्या चपट्या बाजूंच्या, मध्ये पोलादाची पातळ पात बसवलेली असते, कारण एकच धातू स्वतःवर घासत राहिला तर लवकर आणि असमान झिजतो. हे सारे एका मळसूत्राने आवळलेले असते, ज्याच्या माथ्यावर खाचेऐवजी दोन बारीक छिद्रे असतात. त्यांत बसणारी दोन दातांची चावी किंचित फिरवली की पाय किती घट्ट चालावेत हे ठरते. पेचकसाचा येथे उपयोग नाही. मी ज्या दुरुस्तीवाल्याकडे कंपास नेला त्याने पक्कड लावली. सांधा आवळला गेला नाहीच, पण शतकभर निष्कलंक राहिलेल्या माथ्यावर दोन ओरखडे उमटले आणि त्याचे पैसेही मीच दिले.

येथपर्यंतचा मजकूर मी रागाच्या भरात लिहिला होता; तो तसाच ठेवून एक दुरुस्ती करतो. सांधा सैल होण्यास सर्वाधिक जबाबदार मीच होतो. पेटी आली तेव्हा पाय जड चालतात असे वाटून मी सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडले होते. हा सांधा घर्षणावरच टिकतो. तेलाने ते घर्षणच नाहीसे केले. स्पिरिटने दोनदा धुतल्यावर निम्मा दोष गेला. उरलेल्या निम्म्यासाठी चावी हवीच होती, हे मत मात्र मी बदललेले नाही.

पुढच्या निर्मात्यांनी ही अडचण ओळखली असावी. फिलाडेल्फियाच्या थिओडोर अल्टेनेडर यांच्या नावाशी जोडला गेलेला, टोकदार खिळींवर फिरणारा सांधा साध्या पेचकसाने जुळवता येतो. बव्हेरियातील नेसेलवांगच्या रीफ्लर यांनी १८७७ मध्ये गोल दांड्यांची पद्धत आणली; दांडी गोल असली की ती लेथवर उतरवता येते, आणि हाताने कानस मारण्याचे बरेच श्रम वाचतात. माझ्यासारख्या काटकसरी माणसाने सुरुवातीलाच गोल दांड्यांचा, पेचकसाने आवळता येणारा संच घ्यायला हवा होता.

उरलेल्या अवजारांविषयी थोडक्यात. रुलिंग पेनची, म्हणजे दोन पातींमध्ये शाई धरून रेघ ओढणाऱ्या लेखणीची, एक पाती दुसरीपेक्षा केसभर लांब होती, म्हणून रेघेचा एक काठ फाटत असे. तेल लावलेल्या निसण्यावर दोन्ही पाती मिटवून समान केल्या, मग एकेकीची बाहेरची बाजू घासली, आणि आता ती माझ्या नळीच्या पेनांपेक्षा स्वच्छ रेघ देते. लाख असलेली शाई पातींत वाळू दिली तर मात्र खरवडत बसावे लागते. हस्तिदंती मोजपट्टी हवेतील ओलाव्याने आकसते आणि फुगते, म्हणून मी तिच्यावरून मोजत नाही.

चावी शेवटी मीच केली. मोडक्या पेचकसाचे पाते कानशीने मधोमध कोरून दोन दात काढले. पहिला प्रयत्न छिद्रांपेक्षा जाड निघाला, दुसरा बसला. पाव फेऱ्याहूनही कमी फिरवल्यावर पाय पूर्वीसारखे चालू लागले, आणि नववे वर्तुळ काल जुळले. चावी आता तिच्या खाचेत आहे. पाते मूळ चावीपेक्षा जाड असल्यामुळे पेटीचे झाकण अर्धा सूत वर राहते.